डिस्पोजलचा मिलिटरी ट्रक कोकणात चालवताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ईएमईत (सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) व्हेईकल मेकॅनिक होतो, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि आता संगमेश्वरच्या अलीकडे हायवेला लागून छोटं गॅरेज चालवतो. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक चिरेखाणवाले, लाकूडवाले आणि मे महिन्यात बंदरावर होड्या वर ओढणारे, ज्यांनी लिलावातून मिलिटरीची जुनी गाडी घेतलीय. फोनवर तेच तेच प्रश्न येतात आणि मी तीच तीच उत्तरं देतो, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू. प्रश्न लोक विचारतात त्याच भाषेत ठेवलेत.

हे सगळ्या मिलिटरी गाड्यांना लागू होतं का?

बऱ्यापैकी. आपल्याकडे डिस्पोजलमधून येतात त्या मुख्यतः अशोक लेलँडची स्टॅलियन, टाटाचे चार बाय चार (चारही चाकांना ताकद जाणारे), कुठेतरी एखादा जुना शक्तिमान (जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनायचा तो) आणि क्वचित टाट्रा. टाट्राचं सगळंच वेगळं असतं, त्याचं खाली सांगतो. बाकीच्यांचं डिझेल, हवा, २४ व्होल्ट आणि चार बाय चार हे गणित थोड्याफार फरकाने सारखंच. एक मात्र डोक्यात ठेवा, या गाड्या बांधल्यात दणकट पण त्या रोज तपासल्या जातील असं गृहीत धरून बांधल्यात. पलटणीत ड्रायव्हर रोज सकाळी गाडीखाली जातो, मेंटेनन्स परेड असते, कधी काय बघायचं ते ठरलेलं असतं. खाणीवर तीच गाडी येते आणि सहा महिने कोणी तिच्याखाली वाकून बघत नाही. मग म्हणतात मिलिटरीचा माल फुसका निघाला.

सेल्फ मस्त फिरतो, पण इंजिन उठत नाही. पंप खोलायचा का?

नाही! पंपाला हात लावायचा नाही. आधी स्टॉप लिव्हर बघा. जुन्या गाड्यांना इंजिन बंद करायला केबल असते, ती ओढली की पंपावरची दांडी डिझेल तोडते, आणि आपल्या खाऱ्या हवेत ती केबल आतून गंजून तिथंच अडकते. तुम्ही केबिनमधला नॉब आत ढकलता, तुम्हाला वाटतं झालं, पण पंपावरची दांडी अजून बंदवरच असते. बॉनेट उघडा, दांडी हाताने मागे सारा, सेल्फ मारा. दर पावसाळ्यात माझ्याकडे अशा दोन-तीन गाड्या टो होऊन येतात आणि मी बोटाने चालू करून देतो. पैसे मागायची पण लाज वाटते (मागतो, ते वेगळं).

दांडी ठीक असेल तर डिझेल येतंय का बघा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून अजिबात धूर नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीय. पांढरा धूर येतोय पण उठत नाही, तर डिझेल पोचतंय पण जळत नाहीय, म्हणजे कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा सेल्फ हळू फिरणं यातलं काहीतरी.

गाडीने एअर धरलीय म्हणतात ती काढायची कशी?

एअर धरली म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा अडकली. टाकीत डिझेल आहे ना ते आधी काठी घालून बघा, गेजवर विश्वास नको. मग फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन आटे ढिला करा आणि फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हँड प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा. नंतर तेच मेन पंपाच्या स्क्रूला. त्यानंतरही उठली नाही तर नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) जाणाऱ्या पाइपांचे नट नोझलच्या बाजूने अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल ठिबकायला लागलं की आवळा. सेल्फ एका दमात १५ सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये त्याला गार होऊ द्या. आणि ढिल्या नटाजवळ बोट धरून "येतंय का" बघू नका, नोझलच्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं आणि मग प्रकरण थेट ऑपरेशनवर जातं.

"गाडी चालू होता आणि मगे दोन मिन्टात बंद पडता, काय करू?"

हा कुडाळकडचा फोन, शब्दशः. पुन्हा एअर काढली की पुन्हा दोन मिनिटं चालते, बरोबर ना? म्हणजे कुठूनतरी हवा आत ओढली जातेय. टाकी ते फीड पंप हा भाग ओढणारा असतो, तिथे भेग असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून वरून बघून काही दिसत नाही. खरी मेख तीच आहे. टाकीतला पाइप, रबरी नळी, वॉशर हे सगळं संशयित. सोपी ट्रिक, एका कॅनमध्ये चांगलं डिझेल घेऊन फीड पंपाला नवी नळी लावून थेट त्यातून चालवा. मस्त चालली तर दोष कॅनच्या मागे, म्हणजे टाकी किंवा लाइनमध्ये, नाही चालली तर पुढे फिल्टर-पंपात.

कुडाळच्या गाडीत नळी ठीक होती. टाकीचं बुच काढल्याबरोबर आत 'सुस्स' आवाज आला, कारण बुचाचं श्वासाचं भोक लाल मातीने बुजलेलं होतं, टाकीत हवा जात नव्हती म्हणून डिझेल येत नव्हतं. टाचणीचं काम होतं ते.

तिसरा प्रकार घाण डिझेलचा. आपल्याकडे दमट हवा, अर्धी रिकामी टाकी, रात्री गार पत्र्यावर आतून पाणी सुटतं आणि तळाला जमतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे शेवाळासारखा काळपट बुळबुळीत थर वाढतो, तो फिल्टर गच्च करतो. फिल्टर बदलला तर आठ दिवस बरं वाटतं, मग परत तेच. टाकी उतरवून धुवायलाच लागते. आणि पावसाळ्यात टाकी भरलेलीच ठेवा, जागाच नाही राहिली तर पाणी सुटणार कुठे.

सेल्फ फक्त 'टक' करतो. कारची बॅटरी लावून चालू करू का?

गाडी २४ व्होल्टची आहे, तुमची कार १२ ची. लावू नका. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकीमागे एक जोडलेल्या असतात, त्या दोन्ही वेगवेगळ्या मापा. उभ्या गाडीत प्रत्येकी १२.६ च्या आसपास हव्यात. एक १२.६ आणि दुसरी ११.८ अशी दिसली तर मी विचारतो, गाण्यांचा टेप कुठून जोडलाय? नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, "एका बॅटरीवरून घेतलाय, १२ व्होल्टचा आहे ना." तीच चूक. एका बॅटरीवरून टेप, मोबाइल चार्जर आणि गणपतीची लायटिंग घेतली की ती रिकामी होत राहते, दुसरी भरलेलीच असते, अल्टरनेटर दोघींना एकच माप देतो, म्हणून भरलेली उकळते आणि रिकामी उपाशीच राहते. दोन्ही वर्षभरात मरतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो तो लावा.

बॅटऱ्या ठीक असतील तर अर्थिंग. चासीला बोल्ट केलेली जाडी पट्टी सोडा, गंज घासून चकचकीत करा, ग्रीस लावून परत आवळा. बंदराजवळच्या गाड्यांना हे वर्षातून दोनदा करावं लागतं. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून साधारण २७ ते २८.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग व्यवस्थित आहे असं समजा.

एकदम सगळे दिवे गेले. हॉर्न पण नाही. वायरिंग जळलं का?

लाइटचं बटण कुठल्या खुणेवर आहे ते बघा. मिलिटरी गाडीत ब्लॅकआउटची सोय असते, म्हणजे रात्री कॉनव्हॉयमध्ये शत्रूला दिसू नये म्हणून नेहमीचे दिवे बंद होऊन फक्त बारीक झाकलेले दिवे लागतात, काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइटही त्याच बटणावर तुटतात. लांज्याच्या एकाने तीन इलेक्ट्रिशियन बोलावले, एकाने अर्धा हार्नेस कापला, आणि झालेलं काय तर क्लीनरच्या पोराने बटण फिरवून ठेवलेलं.

रात्री ७ किलो हवा होती, सकाळी शून्य. चालेल का असंच?

चालतं म्हणून लोक चालवतात, आणि मग आंबा घाटात आठवतं. थोडी हवा रात्रभरात उतरणं वेगळं, शून्य होणं वेगळं. शोधायची पद्धत सोपी आहे. हवा पूर्ण भरा, प्रेशर पूर्ण झालं की गव्हर्नर जादा हवा सोडतो तो फुस्स आवाज आला की इंजिन बंद करा. आता पाय ब्रेकवर न ठेवता कान द्या. आवाज येत असेल तर टाक्या, पाइप, अनलोडर, हँडब्रेकची लाइन. आवाज नाही, मग कोणालातरी पेडल दाबून धरायला सांगा आणि तुम्ही खाली जा (आधी चाकांना दगड लावून!). आता आवाज येतोय तर ब्रेक चेंबरचा (हवेने ब्रेक दाबणारा डबा) पडदा किंवा चाकाकडची नळी. ब्रेक व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडातून पेडल न दाबता हवा येत असेल तर व्हॉल्व्ह आत बसत नाहीय, बहुतेक वेळा कचरा किंवा गंजाचा कण. साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडा खोटं बोलत नाही.

ज्या गाड्यांना स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगने आपोआप लागणारा) आहे त्यांनी एक ऐकाच. मागच्या चाकाजवळचा जो लांबडा डबा असतो त्याचा मागचा भाग खोलू नका. आत दाबून ठेवलेली मोठी स्प्रिंग आहे, पट्टा सोडला की ती माणूस मारते. आधी तिचा बोल्ट घालून स्प्रिंग बांधायची असते. ज्याला ते येत नाही त्याने चेंबर पूर्ण बदलावा.

हवेच्या टाकीतून पाणी येतं, ते ठीक, पण काळं तेल पण येतं.

पाणी येणारच, कोकण आहे, वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवा पिळली तरी पाणी निघेल अशी. रोज संध्याकाळी टाकीखालची कडी ओढून पाणी सोडा, आठवड्यातून एकदा नव्हे, रोज. तेल यायला लागलं म्हणजे कंप्रेसरच्या रिंगा गेल्या. चमचाभर तेल महिन्यात आलं तर लक्ष ठेवा, वाटीभर आलं तर कंप्रेसर उतरवा, कारण ते तेल पुढे जाऊन व्हॉल्व्हचे रबर फुगवतं आणि मग एकेक व्हॉल्व्ह जायला लागतो.

ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

खाणीवरून आलेली गाडी असेल तर ब्रेकचा कॅमशाफ्ट चिखलाने आणि गंजाने जाम झालाय असं मी धरून चालतो. पेडल सोडल्यावर चेंबरची दांडी लगेच मागे येते का बघा, हळूहळू आली तर जाम. थोडं चालवून चारही ड्रमजवळ हात न्या (लावू नका, न्या), जास्त गरम ते चाक चिकटलेलं, अगदी गार ते काम न करणारं. ड्रमवर तेल दिसलं तर हबचा ऑइल सील. बाकी स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढिलाई आवळणारे), ते दोन्ही बाजूला सारखे हवेत, एवढंच.

पुढचा ॲक्सल लावला की लिव्हर परत निघतच नाही, स्टिअरिंग पण जड होतं. ट्रान्सफर केस गेली का?

नाही गेली. (ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी.) तुम्ही डांबरावर चार बाय चार लावून चालवलीत. वळताना पुढची चाकं मोठा फेर घेतात, मागची लहान, म्हणजे पुढची जास्त फिरायला हवीत. पण ॲक्सल लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मधे तो फरक सोडवणारं काही नसतं, मग शाफ्टमध्ये पीळ बसतो. ओल्या टॉवेलला पिळतो ना तसा. चिखलात चाक थोडं घसरतं आणि पीळ सुटतो, डांबरावर घसरत नाही म्हणून पीळ वाढत जातो आणि गिअरचे दात एकमेकांना इतके दाबतात की लिव्हर हलत नाही. हातोडी घेऊ नका. गाडी सरळ करून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, नाहीतर एक बाजू मातीत उतरवून चालवा आणि चालता चालता लिव्हर ओढा.

हेच सरळ रस्त्यावर पण होत असेल तर टायर बघा. पुढे नवे टायर आणि मागे घासलेले, किंवा दोन वेगळ्या मापांचे, म्हणजे गाडी सरळ जातानाच पीळ भरतेय.

हबचं ऑइल चहासारखं झालंय. सील नवीनच होता!

हा माझा आवडता प्रश्न. ऑइल दुधाळ झालं म्हणजे पाणी शिरलं हे सगळ्यांना कळतं, पण कसं शिरलं ते कोणी विचारत नाही, सील बदलतात आणि महिन्याने परत येतात.

गाडी चालून ॲक्सल तापलेला असतो, आतली हवा पण गरम, फुगलेली. तुम्ही तशीच ती खाडीच्या पाण्यात घालता किंवा होडी ओढायला समुद्रात मागे नेता. ॲक्सल एकदम गार होतो, आतली हवा आकसते, आणि ॲक्सल बाहेरून काहीतरी ओढून घेतो. त्यासाठीच वर ब्रीदर दिलेला असतो, बारीक बुचासारखा, काही मॉडेलना त्यावरून नळी वरपर्यंत नेलेली असते. तो ब्रीदर जांभ्याच्या मातीने बुजला की श्वास घ्यायला जागा उरते फक्त सीलच्या ओठाची, आणि सीलच्या बाहेर पाणी आहे. नवा सील असला तरी तो आतलं तेल थांबवायला बसवलेला असतो, बाहेरचं ओढलेलं पाणी थांबवायला नाही.

म्हणून आधी ब्रीदर. काढा, डिझेलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून बघा. पाण्यात घालायच्या आधी गाडी अर्धा तास उभी करा, ॲक्सल हाताला कोमट लागेपर्यंत. पाण्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी डिफरन्शियलचं खालचं बुच अर्धं ढिलं करा, पाणी तेलापेक्षा जड म्हणून आधी तेच येतं, तेल दिसलं की आवळा. तेल दुधाळच असेल तर पूर्ण काढा, तशा तेलावर एक खेप पण नको, खारं पाणी बेअरिंगला आठ दिवसांत खड्डे पाडतं. गेल्या मे महिन्यात मी एक पुढचा हब उघडला, गाडी १ जूनच्या मासेमारी बंदीआधी होड्या ओढत होती, आतून तांबडं पाणी, त्यात चिमूटभर वाळू आणि एक छोटा शिंपला निघाला. मालकाने तो शिंपला डॅशबोर्डवर चिकटवलाय.

समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा हे वेगळं सांगायला नको, पण प्रेशरची नळी थेट सीलवर आणि ब्रीदरवर मारू नका, नाहीतर समुद्राने नाही केलं ते तुम्ही कराल.

पुरात गाडी बुडाली होती. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून बघू?

अजिबात नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं त्यानंतरच्या आठवड्यात मी जेवढे वाकलेले कनेक्टिंग रॉड बघितले तेवढे नोकरीत नाही बघितले, आणि त्यातले बरेचसे पुराने नव्हे तर सेल्फने वाकवलेले. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येतो, हवा दबते तसं पाणी दबत नाही, मग दबणार कोण तर रॉड.

बॅटरीची वायर आधी काढा. पाणी कुठपर्यंत आलं त्याची चिखलाची रेघ केबिनवर दिसते, ती एअर फिल्टरच्या तोंडाच्या वर आहे की खाली ते बघा. खाली असेल तर अर्धं टेन्शन गेलं. वर असेल तर सगळे नोझल काढा, इंजिन हाताने टॉमी लावून फिरवा, पाणी नोझलच्या भोकातून कारंज्यासारखं येईल, तोंड बाजूला ठेवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल ओता आणि परत फिरवा. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियल, स्टिअरिंगचं तेल आणि डिझेल टाकी, सगळं काढा. जुन्या गाडीला तेलातला एअर फिल्टर असतो, त्याच्या वाटीत गाळ बसतो तो विसरू नका. नवं तेल स्वस्तातलं घाला, २० मिनिटं रिकामी चालवा, काढा, मग चांगलं घाला. सेल्फ आणि अल्टरनेटर उतरवून गोड्या पाण्याने धुवून वाळवा, ब्रेक ड्रम सगळे खोला.

आणि हे सगळं पहिल्या तीन-चार दिवसांत करायचं. "पंचनामा होऊ दे मग बघू" म्हणून पंधरा दिवस ठेवलेली गाडी मी उघडली तेव्हा रिंगा लायनरला गंजून चिकटलेल्या होत्या. फोटो काढून ठेवा, पंचनामा फोटोवर होतो का, तेवढी तलाठ्याला विनंती करून बघा.

घाटात गरम होते. रेडिएटर बदलू?

बाहेरून हात घालून बघा. रेडिएटरच्या जाळीत लाल धूळ आणि डिझेलचा ओलावा मिळून विटेसारखा थर बसतो. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी मारून धुवा. मग पंख्याचा पट्टा, मग थर्मोस्टॅट. विहिरीचं पाणी घालू नका, किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ असतात, आतून क्षार बसतो आणि ॲल्युमिनियम खातं. धुवून, पट्टा आवळून पण तापत असेल आणि रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना सारखे बुडबुडे येत असतील तर हेड पॅकिंग गेलं. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे लहान पोराला पण माहितीय, तरी दरवर्षी कोणीतरी भाजतोच.

टाट्रा घेतली. रेडिएटर सापडत नाही!

नाहीच आहे. इंजिन हवेवर गार होतं. मोठा पंखा सिलिंडरच्या पंखांवरून हवा ढकलतो, आणि ती हवा बरोबर जागी जावी म्हणून सगळीकडून पत्रे लावलेले असतात. आपले मेकॅनिक "हवा लागू दे" म्हणून तेच पत्रे काढून ठेवतात आणि मग इंजिन जळतं. पत्रे परत लावा, सिलिंडरचे पंख तेल-धुळीपासून साफ ठेवा. तिची अर्धी अर्धी ॲक्सल मधल्या जाड नळीवर वरखाली झुलतात, म्हणून रिकामी असताना चाकं तिरकी दिसतात, ते वाकलेलं नाही, माल भरला की सरळ होतात. कायम रिकामी फिरवली तर टायर मात्र एका कडेने जातात.

ओढत नाही, काळा धूर सोडते. नोझल, पंप सगळं करून झालं.

एक्झॉस्ट ब्रेक बघितला का? सायलेन्सरच्या पाइपात झडप असते, उतारावर बंद केली की इंजिन गाडीला धरतं. ती झडप आपल्याकडे गंजून अर्धी बंद राहते आणि इंजिनाला श्वास सोडता येत नाही. बाहेरची दांडी हाताने हलवा, मोकळी परत आली पाहिजे. चाळीस हजारांचं पंपाचं काम करून आलेली गाडी मी त्या झडपेला पानाने दोन टोले देऊन आणि डिझेल सोडून बरी केलीय, मालकाचा चेहरा बघवत नव्हता. त्यानंतर एअर फिल्टर, आणि फिल्टर साफ करताना हवा आतून बाहेर मारा, बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते.

निळा धूर म्हणजे तेल जळतंय, रिंगा किंवा टर्बोचा सील. सकाळी थोडा पांढरा धूर पावसात सगळ्यांनाच येतो, गरम झाल्यावरही थांबला नाही तर काळजी करा.

दोन महिने उभी होती, आता क्लच दाबला तरी गिअर पडत नाही.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली, ओल्या हवेतला नेहमीचा प्रकार. आधी क्लचचं तेल आणि हवेचं बूस्टर ठीक आहे ना बघा. मग मोकळं मैदान शोधा, समोर माणूस, भिंत, गडगा काही नको. इंजिन चालू करून गरम होऊ द्या, बंद करा, लो रेंजमध्ये दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा, गाडी चालायला लागेल, क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडा-दाबा करा आणि मधे ब्रेकला हलका झटका द्या. बहुतेक वेळा 'टप्प' आवाज येऊन सुटते. चार-पाच प्रयत्नांत नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवा, जास्त हट्ट नको.

मागून येणारे सांगतात गाडी तिरकी चालते.

खेकड्यासारखी. पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) सेंटर बोल्ट तुटलाय, ॲक्सल एका बाजूला मागे सरकलाय. कारण जवळजवळ नेहमी ढिले यू बोल्ट, ॲक्सल पाट्यांना आवळणारे ते. नवे पाटे बसवल्यावर ५०० किलोमीटरने यू बोल्ट परत आवळायचे असतात, कोणी आवळत नाही. तोपर्यंत माल भरून घाटात नेऊ नका.

चाकावर दोन रांगांत नट आहेत, टायर काढायला कुठले खोलू?

थांबा. जुन्या मिलिटरी गाड्यांना दोन तुकड्यांचं रिम असतं, दोन अर्ध्या वाट्या बोल्टने जोडलेल्या. एक रांग गाडीला चाक धरते, दुसरी त्या दोन वाट्या एकत्र धरते. ही दुसरी रांग पलटणीत लाल रंगवायची पद्धत आहे, पण तुमच्या गाडीवर कोणीतरी पिवळा रंग मारलेला असणार. हवा भरलेली असताना ते नट सोडले तर रिम फुटून वर येतं. कुठलंही रिम असो, चाक सोडायच्या आधी व्हॉल्व्हमधली सुई काढून हवा पूर्ण काढा. रिंगवालं रिम असेल तर हवा भरताना पिंजरा, नाही तर निदान साखळी गुंडाळा आणि समोर उभे राहू नका.

आणि काही जुन्या गाड्यांचे डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. पाइप लावून तीन माणसं लटकण्याआधी स्टडच्या टोकावर 'एल' कोरलंय का बघा.

विंचची पिन सारखी तुटते, चांगल्या पोलादाची बसवू का?

पिन तुटण्यासाठीच असते! जास्त लोड आला की ती मोडते आणि गिअर, वायररोप, तुमचे पाय वाचतात. हायटेन्साइलचा बोल्ट घातलात की पुढचं जे कमजोर असेल ते मोडणार, राजापूरकडे एकाचं विंचचं हौसिंगच दुभंगलं. ओंडका जड असेल तर कप्पी लावा, दोर दुहेरी करा, ओढ जवळपास दुप्पट होते. दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाका, तुटला तर चाबकासारखा फिरत नाही.

हिरवा रंग तसाच ठेवला तर रुबाबदार दिसतं, चालेल ना?

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १२१ वा नियम आहे, ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. मिलिटरीची बाणाची नंबर प्लेट पण काढायची. पासिंग, कागद यात आरटीओशी वाद घालू नका, लिलावाचे मूळ कागद लॅमिनेट न करता जपून ठेवा.

पार्ट कुठे मिळतात?

अर्धे पार्ट कंपनीच्या साध्या ट्रकचेच असतात, पुढचा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस सोडून. दुकानात "मिलिटरी गाडीचा सील द्या" म्हणू नका, भाव दुप्पट होतो. सीलवर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी छापलेली असते, बेअरिंगवर नंबर असतो, तो लिहून न्या.

पावसाळाभर गाडी उभी ठेवायचीय, काय करू?

टाकी फुल. हवेच्या टाक्या रिकाम्या, पण स्प्रिंग ब्रेक असेल तर आधी वर सांगितलेला बोल्ट घालून स्प्रिंग बांधायची (येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून), कारण हवा गेली की तो ब्रेक लागतोच. हँडब्रेक न लावता चाकांना ठोकळे, नाहीतर लायनिंग ड्रमला चिकटतं. बॅटऱ्या घरात आणून महिन्यातून एकदा चार्ज करा. क्लच दाबून लाकडी दांडा लावून ठेवा, वर सांगितलेली क्लचची कटकट वाचते. पंधरा दिवसांनी एकदा चालू करून गरम होईपर्यंत चालवा, दोन मिनिटं चालवून बंद करण्यापेक्षा न चालवलेली बरी. केबिनमध्ये नॅप्थलीनच्या गोळ्या, उंदीर वायरी खातात आणि उंदरामागून दुसरं कोण येतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

सायलेन्सर वर उभा असेल तर तोंडाला रिकामा डबा उलटा घाला, पाणी इंजिनात उतरत नाही. फक्त दसऱ्याला गाडी काढताना तो डबा आठवणीने काढा. आमच्या वाडीत एकाने तसाच सेल्फ मारला, डबा बंदुकीसारखा उडाला आणि शेजारच्या काकूंच्या पडवीची तीन कौलं फोडून आत गेला. कौलांचे पैसे माझ्याकडे मागायला आल्या, कारण डबा लावायचा सल्ला माझा होता.